दर्यावरचा रफार

आमच्या वाचनालयात सहा संगणक आले तेव्हा मला ग्रंथपाल होऊन पंधरा वर्षं झाली होती. संगणकाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की तो अडकला तर बटण दाबून बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. वाचनालय वेंगुर्ल्यापासून थोडं आत, ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर आहे. एक शिक्षणसंस्था आपली जुनी यंत्रं मोडीत काढत होती. आमच्या अध्यक्षांना ते कळलं आणि दुसऱ्याच दिवशी ते टेम्पो घेऊन हजर झाले.

अध्यक्षांचं सगळं आयुष्य मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलं. यंत्र जुनं झालं म्हणून ते टाकून द्यायचं, ही गोष्ट त्यांना पटतच नाही. टेम्पोतून संगणक उतरवताना ते प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होते, जणू बाजारातून बैल आणलेत.

"चलतले हे," ते म्हणाले. "साफसूफ करूया, मगे बघ."

साफसूफ झाली, पण ते चालेनात. आतली प्रणाली इतकी जुनी होती की एक पान उघडायचं तर तोवर माझी दहा पुस्तकांची नोंद हातानं लिहून व्हायची. नवी विकत घेतलेली प्रणाली त्या यंत्रांना पेलवली नसती. वाचनालयात येणाऱ्या एका मासिकात मी लिनक्स कुळातल्या मुक्त प्रणालींबद्दल वाचलं होतं. जुन्या यंत्रांवर चालतात, कुणीही नेटवरून फुकट उतरवून घ्याव्यात, कुणालाही वाटाव्यात, आणि जगभरचे लोक मिळून त्या बनवतात. अध्यक्षांना मी तो लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, "मगे बसलंस कित्याक? उतरव."

उतरवायच्या पानावर दोन आवृत्त्या होत्या. एकीचा आकडा लहान होता, दुसरीचा मोठा. मोठा आकडा म्हणजे ताजी. मासळीबाजारात जन्मभर ताजं बघून घेण्याची सवय, म्हणून मी मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. पेनड्राइव्हवरून एकेक करून सहाही यंत्रांवर ती चढवली. चार दिवस गेले, दोनदा चुकलं, पण सहाही पडदे उजळले आणि त्यावर मराठीत "स्वागत" असं आलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अध्यक्षांनी खाली जाऊन ग्रामसेवकाला हाताला धरून वर आणलं.

पुढचे आठ-नऊ महिने मजेत गेले. मुली प्रकल्प लिहायच्या, बाया बचतगटाचे ठराव टाइप करून घ्यायच्या, निवृत्त मास्तर पेपर वाचायचे. आणि जूनमध्ये, अकरावीच्या प्रवेशाची घाई चाललेली असताना, सगळं थांबलं. अर्जाचं संकेतस्थळ म्हणायला लागलं की तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. नवा घ्यायला जावं तर प्रणाली म्हणायची, दिलेल्या पत्त्यावर काहीच सापडलं नाही. सहाही यंत्रांवर तेच. समोर आठ मुली आणि त्यांच्या आया. मी त्यांचे अर्ज माझ्या मोबाइलवरून भरून दिले, त्यात दुपार गेली. त्या गेल्यावर मी अध्यक्षांना फोन केला आणि माझा आवाज रडवेला झाला.

"काकांनू, माका वाटता, मीच कायतरी बिघडवलंय."

"तू कशाक बिघडवतलंस? इचार कोणाक तरी. ती बनवणारी माणसां खंयतरी आसतलीच मां?"

त्या माणसांचं एक मदतीचं व्यासपीठ आहे हे मला माहीत होतं. पण तिथं सगळं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचण्याइतपत. तरी बसले. शब्दकोश शेजारी घेऊन सात ओळींचा प्रश्न लिहायला मला दीड तास लागला. पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं. कुणीतरी लिहिलं होतं, की हा प्रश्न शंभरदा विचारून झालाय, आधी शोधायला शिका आणि नीट इंग्रजीत लिहा. मी पडदा बंद केला आणि पुस्तकं लावायला उठले. खूप लागलं मला ते. वाचनालयात मी कुणाला असं उत्तर दिलं असतं तर पुन्हा कुणी पायरी चढलं नसतं.

तासाभरानं पुन्हा उघडून बघितलं, तर खाली दुसरं उत्तर होतं. "वरच्या उत्तराकडे लक्ष देऊ नका. तुम्ही काहीही बिघडवलेलं नाही. तुमच्या आवृत्तीची मुदत संपली आहे, एवढंच." आणि मग सोप्या, तुटक वाक्यांत सगळं समजावून सांगितलं होतं. माझ्यासारखंच त्याचंही इंग्रजी परकं होतं, म्हणून मला ते लगेच कळलं.

त्याचं म्हणणं असं. या प्रणालीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते, एक एप्रिलमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये. तिला नऊ महिने आधार मिळतो, म्हणजे दुरुस्त्या येत राहतात, मग ते बंद. पण दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये जी निघते ती दीर्घ मुदतीची असते, तिला पाच वर्षं आधार मिळतो. "तुम्ही मोठा आकडा बघून घेतलीत ना? मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. तुमच्या जागी असतो तर कागदपत्रं बाजूला काढून ठेवली असती आणि दीर्घ मुदतीची आवृत्ती नव्यानं चढवली असती."

हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांची भाताची थोडी शेती आहे, घरामागं माड आहेत.

"म्हणजे माजा वायंगण आणि माजो माड," ते म्हणाले. वायंगण म्हणजे उन्हाळी भात, काही महिन्यांत कापून संपणारं पीक. "तू वायंगणाक माड समाजलंस गो बाय. लाव आता माड."

लावले. या खेपेला मला दीड दिवस पुरला. अडलं की त्या माणसाला विचारायची आणि त्याचं उत्तर यायचं, कधी लगेच, कधी दोन-तीन तासांनी. तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर कुठंतरी राहतो आणि बस चालवतो. शेवटच्या थांब्यावर बस उभी असते तेवढ्या वेळात तो लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मला वाटलं होतं, कुणीतरी मोठा तज्ज्ञ असेल, काचेच्या इमारतीत बसलेला. "मी फक्त माझा संगणक तीनदा बिघडवलाय," त्यानं लिहिलं, "म्हणून मला उत्तरं येतात."

एकदा त्यानं विचारलं, पडद्यावर उघडणाऱ्या चौकटीला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी लिहिलं, मराठीत खिडकी म्हणतात, पण आमच्या घरात, मालवणीत, जनेल. त्यावर त्याचं उत्तर नुसत्या उद्गारचिन्हांचं आलं. त्याच्या भाषेत खिडकीला तोच शब्द होता, थोडा वेगळा उच्चार. मग आम्ही दोघं दोन्ही भाषांतले असे शब्द शोधत बसलो. चावी, साबण, फीत, घमेलं, पगार. त्याची बस त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली, असं त्यानं नंतर कळवलं.

त्याच आठवड्यात त्यानं मला एक तक्ता दाखवला. ऑक्टोबरात येणाऱ्या आवृत्तीची चाचणी कुठकुठल्या भाषांत झाली आहे त्याचा. मोठ्या भाषांच्या ओळींत बरोबरच्या खुणा होत्या. मराठीची ओळ होती, पण तिच्यासमोर एकही खूण नव्हती.

"कोणीच नाय?" अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले. "इतक्या मोठ्या मुलखात?"

मलाही ते बरं वाटलं नाही. पाच यंत्रांवर दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवली आणि सहाव्यावर, छपाईयंत्राशेजारच्या, चाचणीची चढवली. बसवाल्यानं वेळापत्रक पाठवलं होतं. ते मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीनं लिहून काढलं. ऑगस्टात एका चौकोनात "नवीन भर बंद". सप्टेंबरात "शब्द गोठले", म्हणजे त्यानंतर पडद्यावरचे शब्द आणि अक्षरांच्या दुरुस्त्या सहसा घेत नाहीत. ऑक्टोबरात "प्रकाशन". त्याच चौकोनांत आधीपासून गॅस, लाइटचं बिल, गणपती आणि आमच्या वाचनालयाची वार्षिक सभा होती.

आमच्याकडे एक मावशी येते. वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासे विकते आणि मासेविक्रेत्या बायांच्या गटाची सचिव आहे. सातवीपर्यंत शिकलेली, पण छापलेलं काहीही हाती लागलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढणारी. तिनं दिनदर्शिका वाचली आणि माझ्याकडे वळली.

"शब्द गोठले? वयनी, तुमी शब्दांकपण बरफ लायतात?"

"खराब होव नयेत म्हणान," मी म्हटलं, आणि दोघी हसत बसलो.

ती आली होती नारळी पौर्णिमेची सूचना छापून घ्यायला. मी घाईत होते. छपाईयंत्राजवळचं म्हणून सहाव्या यंत्रावरच बसले, तिनं सांगितलं तसं टाइप केलं, चाळीस प्रती काढल्या आणि दिल्या. वाचून बघितलं नाही असं नाही, वाचलं. पण आपलं आपण लिहिलेलं वाचताना डोळे पुढं पळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टोपली खाली ठेवून तरातरा जिना चढून आली. तिच्या हातात भिंतीवरून काढलेली सूचना होती, कोपऱ्यांना खळ लागलेली.

"ह्या काय छापलंस गो बाय?" रागावली की ती मला वयनी म्हणत नाही. "वाच."

मी वाचलं. "नारळी पौर्णिमेस सूऱ्योदयानंतर बंदरावरून दऱ्यास नारळ अर्पण करण्यात येईल. काऱ्यक्रमास सर्वांनी उपस्थित राहावे."

"दऱ्याक नारळ कोण देता? दऱ्यो आसतत त्या घाटार! आमचो दर्या खंय गेलो? बंदरार सगळे माका इचारतत, मावशे, औंदा नारळ घेवन आंबोलीक जावचा काय?"

मी "माफ कर" म्हणत होते आणि हसू आवरत नव्हतं. शेवटी तीही हसली. आम्ही पाचव्या यंत्रावरून पुन्हा प्रती काढल्या आणि तिथं "दर्या" बिनचूक आला. म्हणजे चूक माझ्या टाइपिंगची नव्हती. चाचणीच्या आवृत्तीतला टंक, म्हणजे अक्षरांचा संच, य या अक्षरावरच्या प्रत्येक रफाराचा आडवा ऱ करत होता. रफार म्हणजे सूर्यावर, कार्यावर असते ती डोक्यावरची खूण. आडवा म्हणजे सुपाऱ्यांतला, किनाऱ्यातला. मराठीत या एवढ्याशा फरकानं समुद्राची दरी होते. चाचणी करायची म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आणि चूक मी शोधलीच नव्हती. ती मावशीनं शोधली होती.

मावशीला शेजारी बसवून मी ते कळवायला घेतलं. बसवाल्यानं सांगितलं होतं, की काय केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढंच लिहा. मी लिहिलं. सूचनेचा फोटो जोडला. पण हे दोन वेगळे शब्द आहेत, हे परक्या माणसाला कसं पटायचं? त्याला दोन्ही सारखेच दिसणार. मावशी म्हणाली, "चित्र काढ." मग मी एका कागदावर लाटा काढून खाली "दर्या" लिहिलं, दुसऱ्यावर दोन डोंगर काढून मध्ये "दऱ्या" लिहिलं. माझे डोंगर उलट्या वाट्यांसारखे झाले. तेही पाठवले.

पाच दिवस काही नाही. बसवाल्यानं त्या तक्रारीखाली आपणहून लिहिलं, की ही चूक गंभीर आहे, एका गावाचा समुद्र हरवला आहे. सहाव्या दिवशी टंक सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं. तो बंगाली निघाला. "चित्रांची गरज नव्हती," त्यानं लिहिलं, "पण पाठवलीत ते छान केलंत. आमच्या लिपीतही र आणि य जोडताना असाच घोळ होतो. चूक माझी आहे. आडवा ऱ नीट दिसावा म्हणून मी एक नियम घातला, तो जास्तच पसरला. दुरुस्त करतो. पण दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे मराठी वाचणाऱ्या कुणीतरी तपासून सांगितलं पाहिजे, आणि तेही शब्द गोठायच्या आत."

दुरुस्ती आली ती नेमकी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. वाचनालय बंद. घरात चौदा माणसं. मी उकडीच्या मोदकांच्या उकडीत कोपरापर्यंत. मोबाइलवर संदेश बघितला. परवा मुदत संपतेय, आज तपासून सांगता येईल का?

अध्यक्ष सकाळच्या दर्शनाला आले होते. त्यांना म्हटलं, "काकांनू, माका काय आज घर सोडूक गावचा नाय. ह्या खेपेक रवला."

ते उठले. प्रसाद घेतला आणि गेले. तासाभरानं अंगणात रिक्षा थांबली. मागच्या सीटवर सहावा संगणक, चादरीत गुंडाळलेला, आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेले अध्यक्ष.

"वाचनालयाची चावी माज्याकडेच आसता," ते म्हणाले. "खंय ठेवू ह्येका?"

ठेवायला जागा एकच होती, ओटीवर, गणपतीसमोरच्या भिंतीला लागून. माझ्या सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्यावर दोन फुलं ठेवली. दुपारी बायका फुगड्यांना जमल्या. त्यांत मावशीही होती. एकीकडे फुगड्यांनी जमीन हादरत होती आणि दुसरीकडे मी पिठाचे हात पुसून मोबाइलच्या नेटवरून दुरुस्ती उतरवत होते.

उतरली. मी "दर्या" लिहिलं. दर्या आला, डोक्यावर रफार घेऊन. सूर्य आला, कार्य आलं. मावशीनं टाळी वाजवली. मी उत्तर लिहायला बोटं ठेवली, तोच ती म्हणाली, "थांब. सुपाऱ्या लिव."

"कित्याक?"

"लिव तर खरा. एक गाळो बुजवलो काय दुसरो फुटता, होडयेचा तसाच आसता."

लिहिलं. पडद्यावर "सुपार्या" आलं. किनाऱ्यावर हा शब्द लिहिला, तो "किनार्यावर" झाला. आता सगळ्या आडव्या ऱचा रफार होत होता. मी मावशीकडे बघतच राहिले. मी तपासलं असतं आणि "उत्तम, धन्यवाद" लिहून मोदकांकडे वळले असते, आणि ऑक्टोबरात जगभरातल्या मराठी पडद्यांवर सुपाऱ्यांची वाट लागली असती.

मी तसं कळवलं. बंगाल्याचं उत्तर दोन तासांत आलं. "बरं झालं. मला एकच वाक्य द्या ज्यात दोन्ही असतील. ते दोन्ही बरोबर दिसलं की काम झालं."

वाक्य कोण बनवणार? फुगड्या थांबल्या होत्या आणि बायका उसळ खायला बसल्या होत्या. सगळ्या सुचवायला लागल्या. कुणी म्हणे "आचाऱ्याने आचार्यांना वाढले". कुणाला आपल्या नवऱ्यावर वाक्य हवं होतं. अध्यक्ष बाकावर बसून वर बघत होते. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधलेली असते, लाकडी चौकटीला फळं, पानं, रानातली फुलं टांगलेली. त्यात ओल्या सुपारीचा घोस होता. तो बघत ते म्हणाले, शुद्ध मराठीत, सभेत बोलतात तसं:

"दर्यावर सूर्य मावळला, किनाऱ्यावर सुपाऱ्या वाळत टाकल्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मावशी म्हणाली, "सूर्य मावाळल्यार सुपारी कोण वाळत घालता, काकांनू?"

"तुका अक्षरां तपासूची आसत काय सुपारी?" अध्यक्ष उखडले, आणि ओटीवर जो हशा पिकला, तो आतल्या खोलीत झोपलेल्या सासरेबुवांनाही उठवून गेला.

वाक्य गेलं. दुसरी दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आरतीच्या आधी. मी ते वाक्य टाइप केलं. दर्या, सूर्य, किनाऱ्यावर, सुपाऱ्या, चारही जागच्या जागी. मी मावशीला फोन लावून फोटो पाठवला. तिनं बंदरावर मासे विकता विकता तो वाचला आणि म्हणाली, "आता सांग तेंका, बरा आसा म्हणान." मी सांगितलं. शब्द गोठले ते दुसऱ्या दिवशी.

नंतर बंगाल्यानं आणखी एक गोष्ट कळवली. अध्यक्षांचं वाक्य त्यानं चाचणीच्या फायलीत कायमचं घातलं होतं. त्या टंकात कुणी काहीही बदल केला, की आधी यंत्र ते वाक्य मांडून बघणार आणि ते चुकलं तर पुढं जाऊच देणार नाही. मी हे अध्यक्षांना समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "कायमचा?" मग म्हणाले, "माका आधी म्हायत आसता तर सूर्य उगवलो असा लिवलं असतंय. मावशी माका आता मरासर सोडूची नाय." झालंही तसंच. ती अजून त्यांना बघितलं की संध्याकाळी सुपारी वाळली का विचारते.

ऑक्टोबरात प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्षांनी वाचनालयात छोटा कार्यक्रम ठेवला. फळ्यावर "नव्या आवृत्तीचे स्वागत" लिहिलं. मी घावणे आणि चटणी करून नेली होती. निवृत्त मास्तर, बचतगटाच्या बाया, जूनमध्ये अर्ज भरून गेलेल्या मुलींपैकी तिघी, सगळे सकाळी दहाला जमले. पान उघडलं. तिथं जुनीच आवृत्ती. अकरा वाजले, बारा वाजले. घावणे संपले. मी बसवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, दिवस ठरलेला असतो, तास नसतो. कुठंतरी कुणीतरी शेवटची चूक काढत बसलं असेल. मास्तरांनी दर दहा मिनिटांनी पान ताजं करायचं काम अंगावर घेतलं आणि जेवायला घरी जाईपर्यंत इमानानं केलं. मावशी एकला उठली, तिला होड्या यायच्या वेळेला बंदरावर पोहोचायचं होतं. मुली चारला गेल्या, त्यांची एसटी होती.

पावणेसातला मी खिडक्या लावायला घेतल्या. अध्यक्ष एकटेच पडद्यासमोर बसले होते, हात मांडीवर ठेवून, बोटीचं इंजिन सुरू व्हायची वाट बघितल्यासारखे.

"काकांनू, जावया आता. फाल्या बगूया."

"पाच मिन्टां रव."

मी त्यांच्यासाठी एकदा पान ताजं केलं. आकडा बदलला होता.

अध्यक्षांनी खुर्ची पुढं ओढली. "ह्यीच ती?"

"ह्यीच."

खाली एक पान असतं, या आवृत्तीला हातभार लावलेल्यांच्या नावांचं. लांबच लांब यादी, कितीतरी लिप्यांतली माणसं. मी आमच्या वाचनालयाचं नाव शोधत होते, ते सापडायला वेळ लागला. अध्यक्ष मला थांबवून मधलीच नावं वाचत होते, जमतील तशी, कुठल्या देशाची असतील त्याचा अंदाज करत. त्यांनी पन्नास बंदरं बघितली होती, त्यांतली काही नावं त्यांना ओळखीची वाटत होती. एका नावाशी थांबून म्हणाले, ह्या नावाचा एक कुक होता आमच्या बोटीवर, फार चांगली मासळी करायचा. मी म्हटलं, तो नसेल काका. ते म्हणाले, नसलो तर नसलो.

उतरवायला लावलं तर नेटनं आपला नेहमीचा रंग दाखवला, तीन तास दाखवायला लागलं. आम्ही यंत्र तसंच चालू ठेवलं, पडद्यावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी लावली आणि कुलूप घातलं. जिना उतरताना मी मावशीला फोन केला.

"इली काय?" तिनं विचारलं. मागं बंदरावरचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"इली."

"दर्या आसा मां?"

"आसा," मी म्हटलं.

"मगे बरां. ठेव आता फोन, बांगडे इलेत."